दमलेला पाय आणि दगा देणारा घोटा : गड उतरण्याआधीची तयारी

ट्रेकवाल्यांकडून घोटा मुरगळल्याचे किस्से ऐकले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. सकाळी, ताज्या पायांनी चढताना मुरगळलेला घोटा क्वचितच. बहुतेकांचा पाय गेलेला असतो तो उतरताना, आणि तोही अवघड कातळटप्पा नीट पार करून खाली आल्यावर, गाव दिसायला लागल्यावर, साध्या मुरमाड पायवाटेवर. ज्यांचा घोटा आधी मुरगळलेला आहे त्यांच्या बाबतीत तर हे हटकून होतं. मग "वाट सोपी होती, लक्षच नव्हतं" असं कारण सांगितलं जातं. लक्ष नसणं हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं गुडघ्याखालच्या दमलेल्या स्नायूंमध्ये असतं, आणि त्यावर घरी, आठ आठवडे आधीपासून काम करता येतं.

हा लेख घोटा वारंवार दगा देणाऱ्यांसाठी आहे. नुकताच मुरगळलेला, सुजलेला पाय असेल तर खालच्या चाचण्या आणि व्यायाम आत्ता करू नका. आधी तो बरा होऊ द्या, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

दमल्यावर नेमकं काय बिघडतं

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट्स, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, असतात. पाऊल आत वळून मुरगळलं की सर्वांत आधी ताणलं किंवा फाटलं जातं ते पुढचं, घोट्याच्या हाडापासून पावलाकडे जाणारं लिगामेंट. ते सैल राहिलं तर सांधा थोडा जास्त हलतो. पण पुन्हा पुन्हा मुरगळण्याचं कारण एवढंच असतं तर दमल्यावर आणि ताजं असताना फरक पडला नसता. लिगामेंट काही दमत नाही. १९६५ साली ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की मुरगळल्यावर लिगामेंटमधले संवेदना देणारे तंतूही बिघडतात, त्यामुळे पाऊल कुठे आणि कसं पडलंय याची खबर मेंदूला नीट मिळत नाही. पुढच्या संशोधनाने या चित्रात बरीच भर घातली, पण मूळ मुद्दा टिकून आहे: अस्थिर घोटा हा जितका सांध्याचा प्रश्न आहे तितकाच स्नायूंच्या वेळ साधण्याचा आहे.

ही वेळ साधायची असते नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पेरोनिअल स्नायूंनी. बोट घोट्याच्या बाहेरच्या हाडामागे ठेवून पाऊल बाहेर वळवा. बोटाखाली दोरीसारखा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा भाग) उचलला जातो, तो यांचाच. पाऊल आत वळायला लागलं की त्याला बाहेर खेचायचं काम त्यांचं. अडचण अशी की पाऊल मुरगळायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही, आणि धक्का कळून या स्नायूंत पुरेसा ताण यायला जवळपास तेवढाच, बऱ्याचदा जास्तच वेळ जातो. म्हणजे पाय वळल्यावर सावरू म्हटलं तर उशीर झालेला असतो. खरी राखण होते ती पाऊल जमिनीला टेकण्याच्या आधी, स्नायू अंदाजाने आधीच घट्ट झालेले असतात म्हणून.

दमल्यावर हीच आगाऊ तयारी ढिली पडते. स्नायूच्या आत रासायनिक बदल होऊन त्याचं आकुंचन कमजोर आणि संथ होतं. मेंदूकडून येणारा आदेशही क्षीण होतो. शिवाय स्नायू किती ताणला गेलाय हे सांगणारे त्याच्यातले संवेदक दमल्यावर चुकीची खबर देऊ लागतात, म्हणून पाऊल सरळ आहे असं वाटतं आणि ते थोडं आत झुकलेलं असतं. त्यात उतरण म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो, आणि अशा कामाने स्नायूंची ताकद जास्त घटते. ती परत यायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्तही लागतात.

अस्थिर घोटेवाल्यांची सुरुवातच कमी शिलकीवर होते. त्यांच्या पोटरीचा खोल स्नायू, म्हणजे सोलिअस, आणि पेरोनिअल यांना मेंदूकडून मिळणारी चालना आधीच दबलेली असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. खुब्याच्या बाजूचे स्नायूही अनेकांचे कमजोर असतात. २००४ मध्ये फिलिप ग्रिबल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात अशा लोकांना एका पायावर उभं राहून दुसरा पाय लांब न्यायला सांगितलं. अस्थिर बाजूवर पाय कमी लांब गेला, दमवल्यावर तो आणखी कमी झाला, आणि महत्त्वाचं म्हणजे बदल गुडघ्याच्या आणि खुब्याच्या वाकण्यात जास्त दिसला. काही अभ्यासांत दमल्यावर धडधाकट आणि अस्थिर अशा दोन्ही गटांचा तोल सारखाच ढासळलेला आढळतो. मला तेही पटतं. उतरण दोघांनाही सारखीच दमवते. फक्त एकाकडे चुकायला जागा असते आणि दुसऱ्याकडे नसते. म्हणून नुसत्या घोट्याचे व्यायाम पुरत नाहीत. संपूर्ण पायाचा दम वाढवावा लागतो, आणि तोल दमलेल्या अवस्थेतही तपासावा लागतो.

पहिली पायरी : आपण या गटात आहोत का

संशोधक साधारण असे निकष लावतात: पहिली मोठी मुरगळ किमान १२ महिन्यांपूर्वीची, तेव्हा सूज येऊन निदान एक दिवस तरी नेहमीची कामं अडलेली, आणि गेल्या ६ महिन्यांत किमान दोनदा घोटा अचानक 'गेल्याचा' अनुभव. पडायलाच हवं असं नाही. पाय लचकून तुम्ही सावरलात तरी तो धरायचा. पहिल्या मोठ्या मुरगळीनंतर सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरानंतरही असा त्रास उरतो, तेव्हा यात वेगळं वाटून घेण्यासारखं काही नाही.

घोटा अडकत असेल, आतून कायम दुखत असेल, किंवा सपाट रस्त्यावरही आठवड्याला लचकत असेल तर घरच्या व्यायामावर वेळ काढू नका. सांध्याच्या कूर्चेला किंवा कंडऱ्याला इजा असू शकते, ती तपासूनच कळते.

दुसरी पायरी : ताज्या पायाची नोंद

सकाळी, अनवाणी, भिंतीजवळ या चार गोष्टी दोन्ही पायांनी करा आणि वहीत लिहून ठेवा.

एका पायावर टाच उचलणं. बोटं नुसती भिंतीला टेकवा, गुडघा सरळ ठेवा, टाच पूर्ण वर जाईल तितक्याच वेळा मोजा. तरुण, धडधाकट माणसाला २०-२५ वेळा जमायला हवं. आकड्याइतकंच दोन पायांतल्या फरकाकडे बघा. शेवटच्या काही वेळा भार अंगठ्याकडून करंगळीकडे सरकतोय का, हेही बघा. सरकत असेल तर पेरोनिअल आधी थकताहेत.

गुडघा भिंतीला लावणं. पाऊल भिंतीसमोर, टाच जमिनीवरच, गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. हळूहळू पाऊल मागे घेत टाच न उचलता जास्तीत जास्त अंतर मोजा. अंगठ्यापासून भिंत साधारण १० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, किंवा दोन पायांत २ सेंटीमीटरचा फरक असेल तर घोटा आखडलेला आहे. हे दुर्लक्षिण्यासारखं नाही: पाऊल वर वाकलेल्या स्थितीत घोट्याचा सांधा सर्वांत घट्ट बसतो, आणि चवडा खाली गेला की सर्वांत सैल. आखडलेला घोटा उतारावर वर वाकतच नाही, म्हणून माणूस चवड्यावर उतरत राहतो, नेमका सैल स्थितीत.

एका पायावर उभं राहणं. आधी डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, मग डोळे मिटून. हात कमरेवर. पाऊल किती वेळा हललं, दुसरा पाय किती वेळा टेकला ते मोजा.

पायरी उतरणं. नेहमीच्या जिन्याच्या पायरीवर उभं राहून एका पायाने सावकाश खाली जायचं, दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला हलकेच लावून परत यायचं. दहा वेळा. समोरून कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा. गुडघा आत कोसळतोय का, कंबर एका बाजूला कलतेय का, ते स्वतःला जाणवत नाही, चित्रणात स्पष्ट दिसतं.

तिसरी पायरी : दमलेल्या पायाची नोंद

बहुतेक लोक ही पायरी सोडून देतात आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची हीच. दुसऱ्या दिवशी, पाय दुखत नसतील तर, जिने चढून-उतरून पाय दमवा. इमारतीत राहत असाल तर जिना, पुण्यात असाल तर पर्वती, नाहीतर जवळची कुठलीही टेकडी. पोटऱ्या आणि मांड्या जड होईपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं. धाप लागली म्हणून थांबू नका, पाय भरून यायला हवेत. मग पाच मिनिटांच्या आत तोलाची आणि पायरीची चाचणी पुन्हा करा, यावेळी भिंत हाताशी ठेवूनच. डोळे मिटून उभं राहण्याचा भाग आज सोडा.

ताज्या आणि दमलेल्या नोंदींमधला फरक हा तुमचा खरा आकडा. ताज्या पायाने दोन्ही बाजू सारख्या असणाऱ्या कित्येकांचा जुना मुरगळलेला पाय दमल्यावर वेगळाच वागतो. चाचणीत घोटा प्रत्यक्ष लचकला तर लगेच थांबा. अशा पायाने येत्या आठवड्यांत गड नको.

चौथी पायरी : आठ आठवड्यांची तयारी

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास. मुरगळ झालेल्या खेळाडूंवर ज्या तोलाच्या व्यायामांचा चांगला परिणाम दिसला ते कार्यक्रमही साधारण असेच, आठवडेच्या आठवडे नेटाने केलेले होते. चार दिवस करून सोडले तर हाती काही लागत नाही.

पहिले तीन आठवडे ताकद आणि ताजा तोल. तोलाचा व्यायाम सुरुवातीलाच, पाय ताजे असताना करा. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे, तिरका मागे, आडवा मागे असा जमेल तितका लांब न्या. उभ्या पायाचा गुडघा वाकू द्या, तो वाकणंच शिकायचं आहे. त्यानंतर ताकद. पायरीच्या कडेवर टाच उचलणं, निम्मे सरळ गुडघ्याने आणि निम्मे वाकवलेल्या गुडघ्याने. वाकवल्यावर काम सोलिअसकडे जातं. वर जायला एक सेकंद, खाली यायला तीन. अंगठ्यामागचा उंचवटा सतत दाबून ठेवा. पेरोनिअलपैकी लांब स्नायूचा कंडरा तळव्याखालून जाऊन अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटतो, त्यामुळे तिथे दाब दिला की तो आपोआप कामाला लागतो. पाऊल बाहेर वळवण्यासाठी रबरी बँड हवा; नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टेबलाच्या पायाला बांधली तरी भागतं. नडगीच्या पुढच्या स्नायूसाठी भिंतीला पाठ टेकून, टाचा फूटभर पुढे ठेवून चवडे वर उचला. वीस झाले की नडगी पेटते, आणि पेटायलाच हवी. खुब्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं. प्रत्येकाचे तीन फेरे, दर फेऱ्यात १२-१५.

घोटा आखडलेला असेल तर गुडघा भिंतीला लावण्याची चाचणीच रोज व्यायाम म्हणून करा.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात क्रम बदलायचा. तोलाचा अर्धा भाग सुरुवातीला, अर्धा ताकदीच्या व्यायामानंतर, पाय भरून आलेले असताना. सुरुवातीचे आठवडे यात घाई करू नका: थकलेल्या पायाने नवी हालचाल शिकायला गेलं की चुकीचीच सवय बसते. आधी ताज्या पायाने नीट जमू द्या, मग दमलेल्या पायाने तीच हालचाल राखायला शिका. पायरी उतरण्याचा व्यायाम आता पाठीवर सॅक घेऊन करा, चार-पाच किलोपासून. दोन्ही पायांच्या लहान उड्या सुरू करा, आवाज न करता उतरण्यावर भर द्या.

सातव्या-आठव्या आठवड्यात आठवड्यातून एकदा खरी उतरण. टेकडी चढायला घाई नको, उतरताना सलग उतरा, आणि खाली आल्यावर लगेच दोन-तीन मिनिटं एका पायावरचे व्यायाम. एका पायाच्या उड्या याच काळात, आधी जागच्या जागी, नंतर पुढे आणि बाजूला. हालचाल बिघडली की फेरा संपला. आकडा पूर्ण करण्यासाठी वेड्यावाकड्या उड्या मारू नका. ट्रेकच्या आधीचे तीन-चार दिवस मात्र पायांना सुट्टी, नाहीतर अंगदुखी घेऊनच गडावर जाल. शेवटी दमलेल्या पायाची चाचणी पुन्हा करा आणि वहीतल्या जुन्या नोंदीशेजारी लिहा.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष उतरताना

चढतानाच उतरणीसाठी पाय शिल्लक ठेवायचे असतात. कळसूबाई १६४६ मीटर उंच. माथ्यावर पोचणं म्हणजे निम्मं काम, आणि घोट्याच्या दृष्टीने सोपं निम्मं. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चढा, भूक लागण्याआधी खा. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, ओआरएसचं पाणी, काहीही चालेल, पण माथ्यावर पोचून डबा उघडेपर्यंत उपाशी राहू नका.

ब्रेस, म्हणजे घोट्याभोवती बांधायचा आधार, वापरायचा असेल तर लेस बांधायचा किंवा अर्धकडक घ्या. आधी मुरगळलेल्या लोकांत ब्रेसने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं हे चांगलं सिद्ध झालं आहे, आणि तो लावल्याने स्नायू आळशी होतात ही भीती बाळगण्याचं कारण नाही. चिकटपट्टीचा आधार मात्र चालायला लागल्यावर अर्ध्या तासातच बराच सैल पडतो. उंच घोट्याच्या बुटांवर फार भिस्त ठेवू नका. त्यापेक्षा तळ बघा: बाहेरची कड झिजलेली असेल तर तो बूट प्रत्येक पावलाला तुम्हाला मुरगळायच्या दिशेने ढकलतोय. माथ्यावर, उतरायला लागण्यापूर्वी, लेस पूर्ण सोडून पुन्हा घट्ट बांधा. दोन काठ्या असतील तर उत्तम.

उतरताना पावलं लहान, गुडघे थोडे वाकलेले, पूर्ण तळवा टेकवून. घसाऱ्यावर घाबरून पाय ताठ केले की घोट्याला एकट्याला सगळं सोसावं लागतं. डोंगराच्या अंगावरून आडव्या जाणाऱ्या वाटेवर एक गोष्ट नीट समजून घ्या: तिथे जमीन दरीकडे कललेली असते, म्हणून दरीकडच्या पायाचं पाऊल आत वळतं, डोंगराकडच्या पायाचं बाहेर. तुमचा कच्चा घोटा दरीच्या बाजूला आला की ती आडवी वाट तुमच्यासाठी धोक्याची. काठी त्या हातात घ्या, पुढच्याशी अंतर वाढवा म्हणजे पाऊल कुठे ठेवायचं ते दिसेल.

पाय दमल्याची खूण धापेत शोधू नका. उतरताना धाप लागतच नाही. कान द्या. बुटाचं टोक दगडांना खरखरत घासायला लागलं की नडगीचा पुढचा स्नायू चवडा उचलेनासा झालाय. पावलांचा थपथप आवाज वाढला की गुडघे वाकेनासे झालेत. आणि घोटा जरासा लचकून आपोआप सावरला तर तो शेवटचा इशारा समजा, "वाचलो" म्हणून पुढे चालू नका. सॅक उतरवून दहा-पंधरा मिनिटं बसा, खा, पाणी प्या, पोटऱ्या हलक्या हाताने मोकळ्या करा. विश्रांती अवघड टप्प्याच्या आधी घ्यायची आणि तो पार झाल्यावरही. सोप्या वाटेला लागल्यावर सगळा गट वेग वाढवतो, त्याच ठिकाणी तुमचा वेग कमी हवा. गटप्रमुखाला हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. उतरताना मागे राहिल्यावर सांगायला संकोच वाटतो आणि माणूस ओढून चालत राहतो.

रात्रीच्या ट्रेकबद्दल माझं मत कडक आहे. अस्थिर घोटेवाले लोक तोल सांभाळताना डोळ्यांवर इतरांपेक्षा जास्त विसंबतात, हे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. कात्रज ते सिंहगडसारख्या वाटेवर एकामागून एक टेकड्यांचे चढ-उतार, पायाखाली सुटा मुरूम आणि अंधार, म्हणजे दमलेल्या स्नायूंसोबत डोळ्यांचा आधारही काढून घेतलेला. आठ आठवडे पूर्ण होऊन दमलेल्या पायाची चाचणी समाधानकारक येईपर्यंत ती वाट दिवसाच करा. नंतर गेलात तरी कपाळावरचा टॉर्च हवाच. मोबाईलचा उजेड हातात धरला की एक हात काठीला उरत नाही.

दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला, अलंग-मदन-कुलंगसारख्या, दुसऱ्या दिवशीचा पाय पहिल्याइतका कधीच नसतो. झोप झाली, दुखणं कमी वाटलं तरी उतरणीने गेलेली ताकद रात्रीत भरून येत नाही. मोठी उतरण शेवटच्या दिवशी असेल तर ब्रेस त्या दिवशी तरी लावाच, आणि सॅकमधलं वजन वाटून द्या.

मुरगळलाच तर

खाली बसा, मग बूट न काढता चार पावलं चालता येतात का बघा, लंगडत चालली तरी. मग लेस सैल करून बोटाने दाबून पाहा: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, पावलाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटा, आणि आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढचं हाड. चार पावलं टाकता येत नसतील किंवा यापैकी कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे होईपर्यंत ते मोडलंय असंच धरा आणि त्या पायावर भार न देता खाली न्या. दाबून दुखत नसेल आणि चालता येत असेल तर बूट न काढता लेस घट्ट करून, काठ्यांच्या आधाराने, इतरांना सॅक देऊन उतरा. एकदा काढलेला बूट सुजलेल्या पायात परत जात नाही. 'लचक बसवतो' म्हणून पाय ओढणाऱ्याला आणि तेल लावून जोरात रगडणाऱ्याला पहिले काही दिवस लांब ठेवा. आंबेहळदीच्या लेपाने बरं वाटत असेल तर लावा, पण लेपाने एक्स-रेचं काम होत नाही.

सूज उतरली, चालताना दुखेनासं झालं म्हणजे पुढच्या ट्रेकची तारीख ठरवायची असं नाही. टाच उचलण्याचा आकडा चांगल्या पायाच्या जवळ येऊ द्या, एका पायावर उडी मारून न डगमगता उतरता येऊ द्या, आणि मग तिसरी पायरी पुन्हा करा, जिने उतरून पाय दमवून. ती नीट जमली तर पहिला गड छोटा निवडा, जिथून निम्म्यातून परतता येईल.